धक्क्यावर राहायचा अर्धा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे, पण मला नुसती बोट म्हणू नका. माझ्या पोटात रूळ आहेत, चांगले चार फाटे. तेवीस वर्षे त्या रुळांवर आगगाडीचे डबे चढले आणि उतरले. मी त्यांना एका बेटावरच्या आओमोरीहून पलीकडच्या बेटावरच्या हाकोदातेला आणि हाकोदातेहून आओमोरीला समुद्र ओलांडून नेत राहिले. शिराकामी मारु हे माझे नाव. आज मी एका भंगारवाल्याच्या खाडीत उभी आहे. शेजारी एका मालबोटीचे अर्धे धड आहे; परवापर्यंत ती अख्खी होती. माझा नंबर सोमवारी लागणार, असे इथल्या मुकादमाच्या बोलण्यावरून कळले. तेव्हा जे सांगायचे ते आजच सांगून टाकते. आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका, माझा राग तुमच्यावर नाही.

माझ्या जन्माच्या आधी आमच्या सामुद्रधुनीत एक भयंकर वादळ झाले होते. तेव्हाच्या बोटींची पाठ उघडी असायची. डबे आत ढकलायचे आणि निघायचे, अशी पद्धत. त्या उघड्या पाठीतून लाटा आत घुसल्या आणि बोटी बुडाल्या. म्हणून मला घडवताना माझ्या पाठीला जाड पोलादी दरवाजा बसवला. गोदीतले कारागीर तो दरवाजा पुन्हा पुन्हा लावून बघायचे. एकाचा थोरला भाऊ त्या वादळात गेला होता. तो दरवाज्याच्या कडेवरून हात फिरवायचा आणि जेवायला निघून जायचा. मला पाण्यात सोडले तेव्हा पुजाऱ्याने मंत्र म्हटले, तांदळाची दारू शिंपडली, रंगीत फिती उडाल्या. मी नव्या नवरीसारखी फुलून गेले होते.

आमच्याकडे एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. बोटीवर चढण्याआधी प्रत्येक उतारूने एक चिठ्ठी भरायची. तीत नाव, वय आणि पत्ता लिहायचा. चिठ्ठीच्या मधोमध बारीक भोकांची ओळ असे आणि दोन्ही बाजूंना तोच मजकूर लिहावा लागे. मग ती फाडायची. अर्धा तुकडा धक्क्यावरच्या पेटीत टाकायचा आणि अर्धा माझ्या शिडीपाशी असलेल्या पेटीत. कारण कुणी बोलून दाखवत नसे, पण शाळकरी पोरांनाही ते माहीत होते. मी बुडाले तर माझ्यावरचा तुकडा माझ्याबरोबर तळाला जाणार, आणि जमिनीवर राहिलेला तुकडा सांगणार की कोण कोण गेले.

लोक मात्र ती चिठ्ठी हसत-खिदळत भरायचे. हाकोदातेला सफरचंदे विकायला जाणाऱ्या दोघी मैत्रिणी मला अजून आठवतात. त्यांतली जाडी दर वेळी पेन्सिल तोंडात धरून विचारात पडायची.

"वय काय लिहू गं?"

"मागच्या महिन्यात त्रेपन्न लिहिलं होतंस की."

"मग आता एक्कावन्न लिहिते. बुडालेच तर पेपरात छापून येईल ना! शेजारीण वाचेल."

"बुडालीस तरी शेजारणीचीच काळजी! लिही बाई, एकोणीस लिही."

अशा हसऱ्या चिठ्ठ्या माझ्या पेटीत किती पडल्या, त्यांची गणती नाही. माणसे माझ्या भरवशावर निर्धास्त होती आणि मीही माणसांच्या भरवशावर निर्धास्त होते. माझे चुकले ते इथेच.

आता नाराओकाविषयी सांगते. नाराओका इवाओ हा माझ्या रुळांवरचा मुख्य माणूस. तो बुटका होता, मान बैलासारखी जाड, आणि डब्यांच्या खडखडाटाने डावा कान अर्धवट बहिरा झालेला. माझ्या पहिल्या फेरीपासून तो माझ्यावर होता. प्रत्येक डबा आत आला की तो साखळदंडाने जखडायचा आणि हातोडीने एकेक कडी ठोकून तिचा आवाज ऐकायचा. ऐकायचा उजव्या कानाने, मान वाकडी करून. सगळे ठीक असेल तर माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणायचा, "चल गं बये, निघू या." इतर खलाशी मला बोट म्हणत, पण तो मला कधी बोट म्हणाला नाही.

गाडी माझ्या पोटात कशी शिरते, हे तुम्हाला सांगायला हवे. त्याशिवाय पुढचे कळणार नाही. उतारू धक्क्यावर गाडीतून उतरून पायी माझ्यावर चढायचे. मालाचे आणि टपालाचे डबे तेवढे माझ्या पोटात यायचे. धक्का आणि मी यांच्यामध्ये एक हलता पूल असे, आणि इंजिनाचे वजन त्या पुलाला पेलत नसे. म्हणून इंजिन जमिनीवरच थांबायचे. इंजिन आणि मालडबे यांच्यामध्ये दोन-तीन रिकामे, हलके डबे जोडायचे आणि लांबूनच ढकलायचे. तेवीस वर्षांत एकाही इंजिनाने माझ्यावर पाऊल ठेवलेले नाही.

दुसरी गोष्ट झुकण्याची. जड डबा माझ्या डाव्या कडेच्या रुळावर आला की मी डावीकडे कलायचे, उजवीकडे आला की उजवीकडे. म्हणून माझ्या दोन्ही कुशींत पाण्याच्या टाक्या होत्या. डबा यायच्या आधीच विरुद्ध कुशीतल्या टाकीत पाणी ढकलून ठेवायचे, म्हणजे मी सरळ राहायचे. हे काम पंपावरच्या सोमाचे. पाणी पुरेसे झाले की सोमा दोनदा घंटा वाजवायचा, आणि ती ऐकल्यावरच नाराओकाने हिरवे निशाण वर करायचे. घंटा वाजल्याशिवाय निशाण वर जायचे नाही, हा नियम होता. एकोणीस वर्षे नाराओकाने तो एकदाही मोडला नव्हता.

एक गंमत सांगते, म्हणजे आज तिला गंमत म्हणवत नाही. माझ्या जन्माच्या सुमारास आमच्या सामुद्रधुनीखाली बोगदा खणायला सुरुवात झाली होती. त्यासाठी सिमेंट, सळ्या, यंत्रांचे सुटे भाग असे कितीतरी सामान माझ्याच पोटातून गेले. मी भोळी, मला वाटे की काहीतरी मोठे काम चालले आहे आणि त्यात माझाही हातभार आहे. खलाशी जेवताना भाताचे मुटके खात बोलायचे, "बोगदा झाला की हिला वादळाच्या दिवसांत सुट्टी." मी ते खरे धरले. सुट्टी म्हणजे काय, ते कुणी फोड करून सांगितले नाही.

मला एकोणीस वर्षे झाली, त्या फेब्रुवारीत सतत बर्फ पडत होता. तोक्योची गाडी डोंगरात अडकून आली आणि सगळ्याच गोष्टींना उशीर झाला. दुपारचे दोन वाजले होते. वरून मुख्य अधिकाऱ्याचा आवाज कर्ण्यातून आला, "नाराओका, किती मागे?"

"चार मिनिटं!"

चार मिनिटे तुम्हाला काहीच वाटणार नाहीत. आमच्याकडे मात्र चार मिनिटांची शरम वाटते. पलीकडच्या बेटावर एक गाडी आमच्या उतारूंसाठी थांबून असते, तिच्यासाठी पुढची थांबते, आणि त्या साखळीत आपल्या नावाची कडी सैल निघाली तर माणूस चार दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. नाराओकाला तर अभिमान होता, की त्याच्यामुळे मी कधी एक मिनिटही खोळंबले नाही. त्याने खिशातले घड्याळ काढले आणि पाहिले. डाव्या कडेच्या रुळासमोर बोगद्याचे यंत्र लादलेला सर्वांत जड डबा उभा होता. सोमाचा पंप घरघरत होता, पण घंटा झाली नव्हती. नाराओकाने घड्याळ खिशात टाकले आणि हिरवे निशाण वर केले.

इंजिनाने ढकलले. डबा आत आला आणि मी डावीकडे कलले. थांबेन, सावरेन, असे मला वाटत होते, पण उजव्या कुशीतल्या टाकीत पुरेसे पाणीच नव्हते. मी कलतच गेले आणि माझी कूस धक्क्यावर आदळली. हलता पूल पिळवटला, दोन डबे रुळांवरून घसरले. एक डबा सफरचंदांचा होता. तो फुटला आणि लाल सफरचंदे माझ्या पोटभर घरंगळली. वरच्या मजल्यावर एका आजीचा हात मोडला. कुणी मेले नाही, एवढे देवाने सांभाळले. पण पाच दिवस माझा धक्का बंद होता आणि वर्तमानपत्रात माझा तिरका फोटो छापून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाराओका पंपाच्या खोलीत सोमाजवळ येऊन बसला. चौकशी तिसऱ्या दिवशी होणार होती. त्या वर्षी रेल्वेत माणसे कमी करायचे वारे वाहत होते आणि ज्याच्या नावावर डाग, त्याचे नाव पहिल्या यादीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. दोघांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला, पण प्यायला कुणीच नाही.

"सोमा, तुझी घंटा झाली होती का रे?"

"नव्हती झाली. तुम्हालाही ठाऊक आहे, नाराओकासान."

"हं."

"आणखी दोन मिनिटं लागली असती. दोनच मिनिटं."

"उद्या ते विचारतील. माझं नाव निघालं तर मी घरी. आई अंथरुणाला खिळलीय, दोन पोरी शिकतायत. तुझं निघालं तर तू घरी."

"माझं कसं निघेल? मी काय केलं?"

"म्हणूनच तर म्हणतोय, कुणाचंच निघायला नको. टाकीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला म्हणू. थंडीनं अडकला. एकोणीस वर्षांची बोट आहे, अडकतो."

सोमाने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. "हा कधीच अडकला नाही. रोज सकाळी मी तेल देतो."

"ते त्यांना कुठं ठाऊक आहे? अरे, हिला कोण कामावरून काढणार आहे? हिला ना आई, ना पोरी. बोटीवर ठपका आला तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"ऐकतेय ती, नाराओकासान."

"ऐकू दे. घेईल समजून. आपलीच आहे ती."

मित्रांनो, आपलीच आहे, हे शब्द त्याने यापूर्वी शंभरदा उच्चारले असतील आणि शंभरदा मी सुखावले होते. त्या दिवशी कळले, की आपल्या माणसाचा गळा विश्वासाने कापताना माणसे हेच शब्द वापरतात. त्याने मला बोट म्हटले तेही त्याच दिवशी, पहिल्यांदा.

चौकशी झाली. दोघांनी ठरल्याप्रमाणे सांगितले. अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिले, जुन्या बोटीचा व्हॉल्व्ह अडकल्याने अपघात. नवा व्हॉल्व्ह बसवायला आलेल्या फिटरने जुना काढून हातात फिरवला आणि म्हणाला, "हा तर लोण्यासारखा फिरतोय!" सोमा खाली बघत राहिला. फिटरला कुणी काही विचारले नाही, म्हणून त्यानेही तो व्हॉल्व्ह पोत्यात टाकला. त्यानंतर नाराओका कड्या ठोकायचा, पण भिंतीवर थाप मारायचे त्याने सोडले.

पुढे बोगदा पुरा झाला आणि सुट्टी म्हणजे काय, ते मला समजले. आम्हा सगळ्या बोटींची कायमची सुट्टी. मात्र गावकऱ्यांनी आग्रह धरला, की एक तरी बोट आओमोरीच्या धक्क्यावर ठेवायची. रुळांसकट, डब्यांसकट, मुलांनी पोटात उतरून बघावे म्हणून. शेवटी नावे दोनच उरली, माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे. मी थोरली होते, माझे रूळ मूळचे, एकही बदललेला नाही. सगळ्यांचा कल माझ्याकडे होता. मी कोणाला तरी हवी आहे, हे कळल्यावर इतक्या वर्षांनी मला पुन्हा ते गोदीतले दिवस आठवले.

समितीची बैठक माझ्याच जेवणघरात भरली. तिच्या प्रमुख ताझावा बाई या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. चष्म्यातून सगळे बारीक बघणाऱ्या बाई, मला आवडल्या. जुना माणूस म्हणून नाराओकालाही बोलावले होते. सोमा तोपर्यंत नोकरी सोडून योकोहामाला भावाच्या दुकानात गेला होता.

"मला हीच बोट आवडते," ताझावा बाई म्हणाल्या. "पण हिच्या नावावर तो अपघात आहे. जी एकदा आडवी झाली, तिच्यावर मी चारशे पोरं कशी चढवू? आयांना काय सांगू?"

बाई नाराओकाकडे वळल्या.

"नाराओकासान, तुम्ही बावीस वर्षं हिच्यावर काढलीत. तुमच्याइतकं हिला कोण ओळखणार? तुम्हीच सांगा. तो व्हॉल्व्ह पुन्हा अडकेल का हो?"

मित्रांनो, एवढा सरळ प्रश्न आयुष्यात एखाद्यालाच विचारला जातो. नाराओकाने चहाचा पेला टेबलावर एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. माझ्या भिंतींनाही श्वास असता तर तो मी रोखून धरला असता. बोल, मी म्हणत होते, अरे बोल, आता तुला कोण काढणार आहे? त्याला बोगद्याच्या तोंडाशी झालेल्या नव्या स्टेशनावर काम मिळाल्याचे पत्र आठवड्यापूर्वीच आले होते.

"जुनी आहे," तो म्हणाला. "सांगता येत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर माझ्या नावावर आडवी रेघ मारली. त्या रेघेचा त्यांना दोष कसा देऊ? त्यांना जे सांगितले गेले, त्यावर त्यांनी मुलांची काळजी घेतली. बहीण धक्क्यावर राहिली. तिच्यासाठी मला आनंद आहे, पण थोडासा खोटा.

मार्चमध्ये बोगद्यातून पहिली गाडी गेली आणि त्याच दिवशी मी शेवटची फेरी केली. बँड वाजला, कागदी फिती तुटल्या, लोक रडले. सफरचंदवाल्या दोघी आल्या होत्या. जाडीने चिठ्ठीवर या वेळी वय खरे लिहिले, एक्काहत्तर. मैत्रिणीने काही चिडवले नाही.

मग तीन महिने मी आओमोरीच्या माझ्या जुन्या धक्क्यावरच पडून होते. जूनमध्ये एका सकाळी टगबोट मला ओढून न्यायला आली. दोर बांधणे चालू असताना नाराओका आला. अंगावर नव्या स्टेशनाचा कडक गणवेश होता. सरळ माझ्या पोटात उतरला आणि रुळांमधून चालत गेला. हातोडी नव्हती, म्हणून बोटांच्या पेरांनी कड्या वाजवून बघत होता, मान वाकडी करून, उजव्या कानाने. दरवाज्यापाशी पोहोचला आणि तिथे खाली बसला. मग म्हणाला, "माफ कर गं."

त्याने खिशातून उतारूंची एक कोरी चिठ्ठी काढली. कुठून मिळवली होती, कोण जाणे. गुडघ्यावर ठेवून तो लिहू लागला. नाव, नाराओका इवाओ. वय सत्तावन्न. मग चिठ्ठी उलटून तिच्या मागे, ओळीच्या दोन्ही बाजूंना, त्याने तेच लिहिले, "व्हॉल्व्ह अडकला नव्हता. घंटा होण्याआधी मी निशाण दाखवलं. बोटीचा दोष नाही." त्याचे अक्षर मोठे आणि शाळकरी होते. मी प्रत्येक शब्द वाचला.

शिडीपाशी येऊन त्याने चिठ्ठी भोकांवरून नीट फाडली. अर्धा तुकडा माझ्या पेटीत टाकला. मग तो खाली उतरला. धक्क्यावरची पेटी अजून खांबाला तशीच होती, गंजलेली, पण झाकण उघडे. आठवडाभराने ती माझ्या बहिणीवर मांडायला नेणार होते. तिच्यात जे असेल ते ताझावा बाईच बघणार होत्या. नाराओका तिच्यासमोर उभा राहिला. हात वर गेला. तुकडा झाकणाच्या तोंडाशी आला. मी वाट बघत होते. मला वाचवा, असे आता मला म्हणायचे नव्हते, त्याची वेळ गेलीच होती. निदान नाव तरी धुऊन निघेल, एवढेच हवे होते.

टगबोटीचा भोंगा वाजला. तो दचकला. त्याने इकडे-तिकडे पाहिले, तुकड्याची घडी घातली आणि गणवेशाच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळून त्याने वाकून नमस्कार केला, इतका खाली, की डोक्यावरची नवी टोपी पडली. मी सुटले तरी तो वाकलेलाच होता.

मित्रांनो, त्याने खरे सांगितले, पण मला सांगितले. मला तर ते आधीपासूनच ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी असलेला तुकडा तो घेऊन गेला. माझ्या वाट्याचा अर्धा अजून माझ्या पेटीत आहे. सोमवारी गॅसकटर घेऊन माणसे येतील, रूळ कापतील, आणि ती पेटीही इतर पत्र्याबरोबर भट्टीत जाईल.

तुमच्या घरात एखादे जुने यंत्र असेल, तुटके खेळणे असेल, म्हातारे जनावर असेल. त्याला जपा, तेल द्या, खायला द्या. आणि चूक तुमच्या हातून झाली, तर ते बिचारे जुने आहे, म्हणून चुकले, असे कुणाला सांगू नका. त्याला तोंड नसते, म्हणून ते चालवून घेते.

आणि एक मागणे. कधी आओमोरीला गेलात, तर तिथून बोगद्याच्या गाडीत बसा आणि पलीकडच्या तोंडाशी असलेल्या छोट्या स्टेशनावर उतरा. तिथे एक बुटका माणूस तिकिटे घेतो. त्याच्याशी बोलायचे असेल तर उजव्या बाजूने बोला, डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. रागावू नका त्याच्यावर. फक्त हात पुढे करा आणि म्हणा, "नाराओकासान, खिशातला तुकडा द्या. तो धक्क्यावर राहायचा होता."